बाबागाडी आणि कार सीट : जोडीची निवड

‘ट्रॅव्हल सिस्टिम’ या नावाने दुकानात जे मिळते ती तीन वस्तूंची जोडणी असते. खाली चाकांचा, घडी होणारा सांगाडा. त्यावर बाबागाडीची बैठक. आणि त्याच सांगाड्यावर बसणारी, पण मुळात मोटारीत बांधण्यासाठी केलेली, कडीची कार सीट. काही संचांत तान्ह्या बाळाला सपाट निजवण्याची टोपली, म्हणजे कॅरीकॉटही येते. मोटारीत बाळाचा डोळा लागला असेल तर त्याला न उठवता सीटच उचलायची, सांगाड्यावर ठेवून ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबायची आणि चालू लागायचे, ही या संचाची मुख्य सोय.

या वस्तू एका खोक्यातून येत असल्या तरी त्यांची कामे अगदी निराळी आहेत. बाबागाडी रोज लागते, आणि ती मनासारखी निघाली नाही तर गैरसोय होते. कार सीटचे खरे काम बहुतेक घरांत एकदाही पडत नाही. पडलेच तर ते सेकंदाच्या दहाव्या भागात संपते आणि तेवढ्यात बाळाच्या जिवाचा निकाल लागतो. म्हणून निवडीचा क्रम असा असावा : आधी कार सीट, तीही आपल्या मोटारीत बसवून पाहून, मग सांगाडा, आपला जिना, लिफ्ट आणि रस्ता डोळ्यांपुढे ठेवून, कापडाचा रंग आणि पेला ठेवायची जागा सगळ्यांत शेवटी. दुकानात नेमके उलटे घडते, कारण गुळगुळीत फरशीवर बाबागाडी ढकलून पाहता येते, कार सीटची परीक्षा मात्र तिथे होत नाही.

दोन वेगळी घराणी

बाबागाडीचा इतिहास जुना आहे. इंग्लंडमध्ये १७३३ साली विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक छोटी गाडी केली होती. ती बकऱ्याने किंवा तट्टाने ओढायची. माणसाने मागून ढकलायच्या गाड्या एकोणिसाव्या शतकात रूढ झाल्या. त्यांचे नाव ‘पेरॅम्ब्युलेटर’, आणि त्याचेच तुटके रूप ‘प्रॅम’. लीड्समध्ये विल्यम विल्सन यांनी १८७७ साली सुरू केलेल्या सिल्व्हर क्रॉस या कारखान्याच्या उंच, स्प्रिंगांवर झुलणाऱ्या, जडशीळ गाड्या श्रीमंत घरांची ओळख बनल्या. मराठीत त्या गाडीला ‘बाबागाडी’ हे गोड नाव मिळाले. त्यातला ‘बाबा’ म्हणजे वडील नव्हेत, लहान मूल.

या जडपणातून सुटका केली ती ओवेन मॅक्लारेन या निवृत्त ब्रिटिश विमान-अभियंत्याने. स्पिटफायर लढाऊ विमानाची चाके आत-बाहेर घेणाऱ्या यंत्रणेवर त्यांनी काम केले होते. तीच समज वापरून १९६५ साली त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोहूनही हलकी गाडी तयार केली. आज ‘स्ट्रोलर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हलक्या गाड्या तिच्याच वंशातल्या आहेत.

कार सीट त्या मानाने तरुण आहे. १९३०च्या दशकातही मोटारीत मुलांसाठी छोट्या खुर्च्या मिळत, पण त्यांचा हेतू मूल एका जागी राहावे आणि त्याला खिडकीबाहेर दिसावे एवढाच होता. धडकेचा विचार त्यात नव्हता. १९५९ साली व्होल्वो कंपनीतले निल्स बोहलिन यांनी तीन बिंदूंचा सीट बेल्ट दिला, पण तो मोठ्या माणसांच्या खांद्यांसाठी आणि कमरेसाठी होता. मुलांचा प्रश्न स्वीडनमधल्याच बर्टिल आल्डमन या डॉक्टर-संशोधकाने हाती घेतला. जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाचा प्रचंड दाब पाठीवर झेलतात, हे पाहून त्यांना मुलाला मोटारीत उलटे, म्हणजे मागे तोंड करून बसवण्याची कल्पना सुचली. १९६०च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात त्यांनी तशी सीट बनवून तपासली. मुलांना सीटमध्ये बांधणे सक्तीचे करणारे अमेरिकेतले पहिले राज्य टेनेसी; तिथला कायदा १९७८ साली लागू झाला. प्रॅम आणि कार सीट ही दोन घराणी एकाच सांगाड्यावर नांदू लागली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस.

उलटे तोंड कशासाठी

ताशी ५० किलोमीटर हा वेग शहरातही सहज गाठला जातो. त्या वेगाने जाणारी मोटार एकदम थांबणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणे. मोटारीचा पुढचा भाग चेपत असताना आतली माणसे सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात थांबतात, आणि तेवढ्या काळापुरते प्रत्येकाचे वजन वीसपट झाल्यासारखे होते. सहा किलोचे बाळ त्या क्षणी एकशेवीस किलोंच्या जोराने पुढे झेपावते. आईच्या मांडीवर बाळ सुरक्षित असते, ही भावना कितीही खरी वाटली तरी एकशेवीस किलो हातांत धरून ठेवणे कोणाला शक्य नाही. आई आणि बाळ मिळून एकच पट्टा लावला तर परिणाम आणखी वाईट होतो, कारण मग बाळ आईच्या शरीराचा सगळा भार आणि पट्टा यांच्यामध्ये येते.

बाळाचा देह म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या चौथ्या भागाएवढे असते. मोठ्या माणसाचे सातव्या-आठव्या भागाएवढे. हे जड डोके ज्या मानेवर असते तिचे मणके अजून सलग हाडाचे झालेले नसतात. कूर्चेने जोडलेल्या तुकड्यांचे ते बनलेले असतात आणि पुरते सांधायला काही वर्षे जातात. पुढे तोंड करून बसवलेल्या बाळाला पट्टा छातीशी धरून ठेवतो, पण डोके मोकळे असल्यामुळे ते पुढे फेकले जाते आणि ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर समोरून बसलेल्या धडकेत डोके, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या पाठीत रुततात, आणि जोर सगळ्या पाठीवर वाटला जातो. गंभीर अपघातांत समोरच्या धडका बऱ्याच असतात, म्हणून हा फरक जीवनमरणाचा ठरतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार कार सीटमुळे एक वर्षाखालील बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी घटतो.

मूल किती दिवस उलटे बसवावे, याचे उत्तर काळाबरोबर वाढतच गेले आहे. युरोपच्या नव्या नियमात पंधरा महिने ही किमान मर्यादा आहे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ साली दोन वर्षे सांगितली होती. २०१८ साली वयाची अट काढून टाकून, सीटच्या उंची-वजनाची मर्यादा येईपर्यंत उलटेच बसवावे, असा सल्ला दिला. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत उलटी बसणारी मुले सर्रास दिसतात. ‘पाय दुमडतात, बाळाला त्रास होत असेल’ ही आजीची काळजी समजण्यासारखी आहे, पण मुले आपण होऊनही मांडी घालून बसतात. मानेच्या इजेपुढे दुमडलेल्या पायांचा विचार करण्याचे कारण नाही.

एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर उलटी कार सीट कधीही लावू नये. एअरबॅग सेकंदाच्या काही शतांश भागात, ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरच्या वेगाने उघडते आणि उलट्या सीटच्या पाठीवर, म्हणजे थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. मोठ्यांना वाचवणारी वस्तू इथे घात करते. बाळाची जागा मागेच.

चिठ्ठीवर काय पाहावे

भारतात मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम १९४ ब आले. चौदा वर्षांखालचे मूल सीट बेल्टने किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा-सीटने बांधलेले नसेल तर एक हजार रुपये दंड, असे ते सांगते. मुलांच्या सीटसाठी भारताचे मानक एआयएस-०७२ हे आहे. ते युरोपच्या आर-४४ नियमाच्या धर्तीवर बेतले आहे. आर-४४ प्रमाणे मान्यता मिळालेल्या सीटच्या मागे किंवा बुडाला नारिंगी चिठ्ठी असते. तिच्यावर वर्तुळात रोमन ‘ई’ आणि एक आकडा छापलेला असतो. तो आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा : १ म्हणजे जर्मनी, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन. मान्यता क्रमांकाची सुरुवात ०३ किंवा ०४ ने झालेली असावी. ज्या सीटवर एआयएस-०७२चाही उल्लेख नाही आणि ही चिठ्ठीही नाही, ती कितीही गुबगुबीत आणि स्वस्त असली तरी कार सीट म्हणून घेऊ नये.

जुन्या आर-४४ नियमात मुले वजनाने गटांत वाटलेली आहेत. ट्रॅव्हल सिस्टिममधली कडीची सीट बहुधा ‘० प्लस’ गटाची, म्हणजे १३ किलोंपर्यंतची असते. २०१३ साली आलेला आर-१२९ हा नियम, ज्याला ‘आय-साइझ’ असेही म्हणतात, मुलाची उंची मोजतो आणि बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणीही मागतो. जुन्या नियमात ती नव्हती. चौकात आडव्या येणाऱ्या वाहनाची धडक बाजूनेच बसते, तेव्हा दोन सीटांत आर-१२९ची मिळत असेल तर ती घ्यावी. युरोपीय संघात सप्टेंबर २०२४ पासून आर-४४च्या नव्या सीट विकणे बंद झाले आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी इथे एक स्वतंत्र सूचना हवी. भारतात परतताना किंवा सुट्टीवर येताना तिकडची सीट बरोबर आणण्याची पद्धत वाढली आहे. अमेरिकी मोटारीचा सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तो तिथेच अडकून घट्ट राहतो, आणि बऱ्याच अमेरिकी सीट या सोयीवर विसंबून असतात. भारतातल्या बहुतेक मोटारींचे पट्टे असे अडकत नाहीत, ते फक्त झटका बसल्यावर धरतात. त्यामुळे तिकडे पक्की बसणारी सीट इथे डुगडुगते. सीटमध्येच पट्टा पकडून ठेवणारी कळ आहे का, हे आणण्याआधी पाहावे.

आपल्या मोटारीशी जुळवणी

कार सीट मोटारीला दोन प्रकारे बांधतात, मोटारीच्याच सीट बेल्टने किंवा आयसोफिक्सने. आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटच्या पाठ आणि बैठक यांच्या सांध्यात, मोटारीच्या सांगाड्याला जोडलेल्या दोन पोलादी दांड्या. त्या सहा मिलिमीटर जाडीच्या असतात आणि एकमेकींपासून २८० मिलिमीटरवर असतात. सीटच्या तळपाटाचे, म्हणजे बेसचे, दोन चिमटे त्यांना पकडतात. तिसरा आधार म्हणून मोटारीच्या फरशीवर टेकणारा पाय असतो किंवा वरून मागे जाणारा पट्टा. सीट बेल्टने नीट बांधलेली सीट कमी सुरक्षित असते असे नाही. आयसोफिक्सचा मोठा गुण हा की त्यात चूक करायला वाव कमी. बेल्टची सीट बांधताना होणाऱ्या चुका, पट्टा भलत्याच खाचेतून नेणे, तो सैल राहणे, अतिशय सामान्य आहेत. ट्रॅव्हल सिस्टिममध्ये तळपाट मोटारीत कायमचा बसवून ठेवता येतो आणि वरची सीट रोज काढता-घालता येते; या जोडीत तळपाटासाठी वेगळे पैसे मोजावे लागले तरी ते सत्कारणी लागतात. टॅक्सीत किंवा दुसऱ्याच्या मोटारीत मात्र तळपाट नसतो, म्हणून नुसत्या बेल्टनेही सीट बांधता येते ना, हे आधी विचारून घ्यावे.

मग मोटार दुकानाशी न्यावी आणि सीट प्रत्यक्ष बसवून पाहावी. छोट्या हॅचबॅकमध्ये मागचा बेल्ट उलट्या सीटला वळसा घालायला तोकडा पडतो, असे होते. फरशीवर जिथे आधाराचा पाय टेकणार तिथे झाकणाचा कप्पा असेल, तर ते झाकण धडकेत दबते. अशा मोटारीत पायाचा तळपाट लावण्याआधी मोटारीची पुस्तिका पाहावी. उलट्या सीटला जागा देण्यासाठी पुढची सीट किती सरकवावी लागते आणि मग तिथे बसणाऱ्याचे गुडघे कुठे जातात, हेही तिथेच कळते. सीट पक्की बसली का, याची कसोटी सोपी आहे. जिथून पट्टा किंवा चिमटा जातो तिथे हाताने धरून हलवावी; ती अडीच सेंटीमीटरहून जास्त हलू नये.

मागच्या तीन जागांपैकी मधली जागा दोन्ही दारांपासून लांब असल्यामुळे चांगली मानली जाते, पण तिथे तीन बिंदूंचा बेल्ट आणि आयसोफिक्स बहुधा नसते. मग डावी बाजू निवडावी. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे डावे दार पदपथाकडे उघडते आणि बाळाला ठेवता-काढताना आईची पाठ धावत्या रहदारीकडे राहत नाही.

मागचे बेल्ट हा आपल्याकडचा दुखरा विषय आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर मागच्या बेल्टची चर्चा झाली, तरी अजूनही पुष्कळ मोटारींत, विशेषतः टॅक्सींत, मागची बकले सीट कव्हरखाली गडप झालेली असतात. बाळ येण्याआधी कव्हर फाडून किंवा काढून ती वर आणावी. ज्यांना मोटारच नवी घ्यायची आहे त्यांनी भारत एनकॅपचे निकाल पाहावेत. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या या धडक-चाचणीत मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी वेगळे गुण दिले जातात, आणि एकाच मोटारीला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी मिळालेली शाबासकी सारखीच असेल असे नाही.

दुपटे, पट्टे आणि झोप

सीट चांगली, बांधणीही पक्की, आणि तरी बाळ सैल, अशी स्थिती वारंवार दिसते. आतले पाच टोकांचे पट्टे दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक मांड्यांमधून येतात. उलट्या सीटमध्ये खांद्याचा पट्टा बाळाच्या खांद्याच्या पातळीतून किंवा किंचित खालून निघावा. पट्टा ओढून झाल्यावर खांद्याजवळ त्याची चिमट घेऊन पाहावी. चिमटीत पट्ट्याची घडी आली तर तो अजून सैल आहे.

मराठी घरांत तान्हे बाळ दुपट्यात गुंडाळलेले असते. गुंडाळलेल्या बाळाला या पट्ट्यांत बांधताच येत नाही, कारण मांड्यांमधला पट्टा जाणार कुठून? बाळाला साध्या झबल्यात आणि लंगोटात सीटमध्ये बसवावे, पट्टे घट्ट करावेत आणि मग वरून दुपटे घालावे. जाड कुंची, फुगीर जाकीट आणि सीटबरोबर न आलेल्या बाजारातल्या गाद्या टाळाव्यात. धडकेत त्या चेपतात आणि घट्ट वाटलेला पट्टा ढिला पडतो. उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीत धातूचे बकल चटका देण्याइतके तापते, तेवढे हात लावून पाहावे. बंद मोटारीत बाळाला दोन मिनिटेही एकटे ठेवू नये. उन्हात आतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांनी चढू शकते.

आता ज्या सोयीसाठी ट्रॅव्हल सिस्टिम घेतली जाते तिच्याबद्दल. झोपलेले बाळ सीटसकट उचलता येते, हे खरे. पण ही सीट झोपण्यासाठी केलेली नाही. मोटारीत ती सुमारे ४५ अंशांच्या कलत्या कोनात बसते, आणि त्या कोनात नवजात बाळाचे जड डोके पुढे घसरून हनुवटी छातीला टेकू शकते. बाळाची श्वासनलिका मऊ आणि अरुंद असते; मान अशी वाकली की ती दबते आणि बाळ आवाजही न करता गुदमरू शकते. म्हणून प्रवास संपला की बाळाला सीटमधून काढून सपाट जागी निजवावे. सांगाड्यावर लावलेली कार सीट मोटारीपासून दवाखान्याच्या दारापर्यंत नेण्यापुरती ठीक. मॉलमध्ये दोन तास फिरायला किंवा घरी आल्यावर ‘झोपलेय तर राहू दे’ म्हणून कोपऱ्यात ठेवायला ती योग्य नाही. पट्टे सैल करून बाळाला तसेच झोपू देणे त्याहून धोक्याचे, कारण बाळ खाली घसरते आणि पट्टा गळ्याशी येतो.

बाळंतपण माहेरी करण्याच्या पद्धतीमुळे आपल्याकडे बाळाचा पहिला मोठा प्रवास पुष्कळदा दोन-तीन महिन्यांच्या वयात, माहेराहून सासरी असा होतो. नागपूर ते पुणे किंवा कोल्हापूर ते मुंबई एवढ्या पल्ल्यात दर दोन तासांनी थांबून बाळाला सीटबाहेर काढावे, पाजावे, सपाट निजवून हातपाय मोकळे करू द्यावेत. अगदी नवजात बाळाच्या बाबतीत प्रवास अर्ध्या तासाच्या आत ठेवणे उत्तम, आणि शक्यतो मोठ्या माणसाने मागे त्याच्याशेजारी बसावे. बाळ दिवस भरण्यापूर्वी जन्मले असेल तर कार सीटमध्ये बसवण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत अशा बाळाला घरी सोडण्यापूर्वी सीटमध्ये बसवून त्याचा श्वास आणि रक्तातला प्राणवायू तपासतात.

चाके, जिना आणि डिकी

सांगाडा निवडताना पहिला प्रश्न बाळाच्या वयाचा. सहा महिन्यांच्या आतले बाळ स्वतः बसू शकत नाही. त्याच्यासाठी पूर्ण सपाट होणारी बैठक किंवा कॅरीकॉट हवा. ‘जन्मापासून वापरता येते’ असे खोक्यावर छापलेले असले तरी पाठ खरोखर आडवी होते का, हे हाताने करून पाहावे. छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी सहा महिन्यांनंतरच कामाची.

बैठक दोन्ही बाजूंनी लावता आली तर उत्तम. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या सुझन झीडिक यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रस्त्यांवरच्या सुमारे २७०० जोड्यांचे, म्हणजे मूल आणि ढकलणारे माणूस यांचे, निरीक्षण होते. मूल ढकलणाऱ्याकडे तोंड करून असेल तर त्याच्याशी बोलणे जवळपास दुपटीने होते, असे त्यात आढळले. पहिल्या वर्षात बाळाचे तोंड आपल्याकडे असावे, आणि आई, आजी, बाबा जे कोणी गाडी ढकलत असेल त्याने बाळाशी बोलत राहावे.

चाकांच्या बाबतीत आपल्या रस्त्यांना फसवता येत नाही. उखडलेले पेव्हर ब्लॉक, पदपथाच्या उंच कडा, गटारांच्या जाळ्या यांवर छोटी, कडक प्लॅस्टिकची चाके अडखळतात आणि प्रत्येक धक्का बाळापर्यंत पोहोचतो. मागची चाके मोठी, पुढची फिरणारी पण हवी तेव्हा सरळ अडकवता येणारी, आणि बैठकीखाली थोडी तरी लवचीक स्प्रिंग असावी. हवा भरायची चाके सर्वांत मऊ चालतात, पण पंक्चर होतात. फोमने भरलेली चाके हा बहुतेकांसाठी समंजस पर्याय. सोसायटीच्या आवारात आणि बागेत फिरण्यापलीकडे गाडी जाणारच नसेल, तर मोठ्या चाकांवर पैसे घालू नयेत.

घडी घातल्यावरचे माप घरूनच लिहून न्यावे. लिफ्टचे दार किती रुंद, जिन्याचा वळसा किती, आणि डिकी किती मोकळी? मुंबई-पुण्यात सीएनजीवर चालणाऱ्या पुष्कळ मोटारींची डिकी टाकीनेच भरलेली असते, आणि हौसेने घेतलेली भली मोठी बाबागाडी मग घरात कपडे वाळत घालायला उरते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आईला एका हातावर बाळ आणि दुसऱ्या हातात गाडी घेऊन चढायचे असते. कार सीटच साधारण चार किलोंची, त्यात पाच-सहा किलोंचे बाळ. ओल्या बाळंतिणीने, त्यातून सिझेरियन झालेल्या स्त्रीने, हे दहा किलो एका हाताने उचलू नयेत.

ब्रेक पायाने एका दाबात दोन्ही मागच्या चाकांना लागावा. ऑक्टोबर २००९ मध्ये मेलबर्नच्या अ‍ॅशबर्टन स्थानकावर क्षणभर हात सुटलेली गाडी फलाटाच्या उतारावरून घरंगळून रुळांवर पडली आणि समोरून लोकल आली. बाळ बांधलेले होते आणि आश्चर्य म्हणजे थोडक्या जखमांवर वाचले. थांबल्यावर दर वेळी ब्रेक, आणि मनगटाला अडकवायची दोरी असेल तर ती मनगटातच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅक्लारेन कंपनीला अमेरिकेत विकलेल्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी दुरुस्ती द्यावी लागली, कारण घडीच्या बिजागरीत मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा घटना नोंदल्या गेल्या होत्या. बिजागऱ्या झाकलेल्या असाव्यात, आणि गाडी उघडताना-मिटताना मूल हातभर लांब असावे. भाजीची पिशवी दांड्याला लटकवली तर हलकी गाडी मागे कलंडते. सामान खालच्या जाळीतच ठेवावे. उन्हासाठी टप मोठा हवा, पण तो अपुरा पडतो म्हणून गाडीवर ओढणी पसरू नये. आत हवा कोंडते आणि बाळ तापते.

घ्यावी की नाही

हा संच प्रत्येक घराची गरज नाही. आठवड्यात बऱ्याच वेळा मोटारीने जाणे-येणे आहे, लिफ्ट आहे, फिरायला सपाट जागा आहे, अशा घराला तो खरोखर उपयोगी पडतो. ज्यांच्याकडे पैसे मोजके आहेत त्यांनी मोटारीत कायम राहणारी, जन्मापासून अठरा किलोंपर्यंत चालणारी आणि दीर्घकाळ उलटी लावता येणारी एक चांगली सीट घ्यावी, आणि सहा महिन्यांनी साधी हलकी बाबागाडी. दोन्ही मिळून स्वस्त पडतात आणि सीट पुढे चार वर्षे टिकते. बहुतांशी रिक्षाने फिरणाऱ्या कुटुंबाला कार सीटचा उपयोग नाही, कारण रिक्षात ती बांधायला पट्टाच नसतो.

वापरलेली बाबागाडी भावजयीकडून किंवा शेजाऱ्यांकडून खुशाल घ्यावी. ब्रेक, बिजागऱ्या, पट्टे तपासले की झाले. वापरलेली कार सीट मात्र तिचा सगळा इतिहास ठाऊक असेल तरच घ्यावी. एका धडकेत सापडलेल्या सीटचे प्लॅस्टिक वरून धड दिसले तरी आतून तडकलेले असू शकते, आणि उन्हातान्हात तापून जुने झालेले प्लॅस्टिकही ठिसूळ होते. बुडाला छापलेली उत्पादनाची तारीख आणि मुदत पाहावी. बहुतेक कंपन्या सहा ते दहा वर्षे देतात.

कडीची सीट साधारण वर्ष-सव्वा वर्ष पुरते. बाळाचे वजन मर्यादेला पोहोचले, किंवा डोक्याचा माथा सीटच्या वरच्या कडेपासून अडीच सेंटीमीटरच्या आत आला, की तिचे काम संपले आणि पुढच्या मापाची, शक्यतो उलटीच लागणारी सीट आणायची वेळ झाली. सांगाडा आणि बैठक यांचा उपयोग पुढे तीन-चार वर्षांपर्यंत होतो. मुदत उलटलेली किंवा धडक खाल्लेली सीट तशीच भंगारात देऊ नये. तिचे पट्टे कात्रीने कापावेत आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘निकामी’ लिहावे, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या बाळाखाली जाणार नाही.